छोट्या फोटो स्टुडिओचं मार्केटिंग: आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

परवा आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका पोराचा फोन आला, दादा कॅमेरा घेतला, इन्स्टावर पेजपण काढलं, पण कामं काय येईनात, बूस्ट मारू काय. म्हटलं थांब गा, पैसे खिशात ठेव आणि आधी कॅलेंडर काढ.

आपला धंदा पंचांगावर चालतोय. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, आषाढी एकादशीला बंद, मधले चार महिने काढीव मुहूर्त सोडले तर लग्न नाही. त्यात अधिक महिना आला की आणखी गोची, २०२६ चंच बघा, अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सुट्टीतले दिवस गेले. आणि लोक फोटोग्राफर ठरवतात कधी? हॉल बुक झाला की आठ-पंधरा दिवसात. मग मे महिन्यातल्या लग्नासाठी एप्रिलात जाहिरात केली तर उरलंसुरलं मिळणार. खरं मार्केटिंग दसरा-दिवाळीत करायचं, हात रिकामे असतात तेव्हा.

आता सांगायचं कुणाला. नवरीकडे आपल्या आधी पोचणारी माणसं धरा: हॉलचा मॅनेजर, मेहंदीवाली, पार्लरवाली, आचारी. सगळे लगेच कमिशनचं बोलतात, मी आधी फोटो देतो. मेहंदीच्या हातांचा एक जवळून काढलेला फोटो, नीट एडिट करून, कोपऱ्यात बारीक आपलं नाव टाकून त्याच रात्री तिला पाठवायचा. ती स्टेटसला लावतेच लावते आणि ते बघणाऱ्या निम्म्या पोरी लग्नाच्या वयाच्या असतात. येळ्ळूरच्या एका लग्नात पंगती उठेपर्यंत मोकळा होतो म्हणून आचाऱ्याचा फोटो काढला, मोठ्या कढईसमोर, खांद्यावर टॉवेल, वाफेत तोंड अर्धंच दिसत होतं. लॅमिनेशन करून दिला. त्या माणसाकडून वर्षात तीन कामं आली, आणि जाहिरातीचे कागद पेपरात घालून वाटले होते त्यातून आले फक्त दोन फोन, दोन्ही पासपोर्ट फोटोचे!

दुसरं म्हणजे त्याच दिवशी फोटो. अक्षता पडल्या, लोक जेवायला बसले, की कोपऱ्यात बसून कॅमेऱ्यातले १०-१५ बरे फोटो मोबाईलवर घ्या आणि नवऱ्याच्या भावाला पाठवा. संध्याकाळपर्यंत चंदगड, कोल्हापूर, पुण्याच्या पाहुण्यांच्या ग्रुपात फिरतात. अल्बमला चार महिने लावले तर मात्र तेच ग्रुप तुमचं नाव वेगळ्या कारणानं फिरवतील. आणि आपल्या पेजवर टाकण्याआधी नवरीकडच्यांना विचारा, पोरींच्या फोटोवरून घरं नाराज झालेली बघितलीयत.

पैसे घालून जाहिरात करायचीच तर माझी चूक करू नका. ऑनलाईन जाहिरात कुठं दिसायची त्यासाठी मी नकाशावर बेळगाव मधे धरून गोल आखला, जाहिरात मराठीत, निम्मे पैसे बैलहोंगलकडं गेले, तिथं सगळं कन्नड. त्यापेक्षा खानापूर, चंदगड, निपाणी असे वेगवेगळे पिन टाका आणि गोल लहान ठेवा. चिक्कोडी-गोकाककडची कन्नड गिऱ्हाइकं पाहिजेत तर वेगळी कन्नड जाहिरात करा, ती मशीनवर भाषांतर करून नको, कन्नड येणाऱ्या मित्राला एक चहा पाजून वाचून घ्या. दुकानाचा बोर्ड करताना कर्नाटकात ६० टक्के कन्नडचा कायदा आहे, तो आधीच पेंटरला सांगा, नाहीतर बोर्डाचा खर्च दोनदा.

फुकटातलं काम आधी उरका. गुगल मॅपवर स्टुडिओ टाकून घ्या आणि रिव्ह्यू अल्बम हातात देतानाच मागा, नंतर कोण लिहीत नाही. व्हाट्सअप बिझनेसमध्ये कॅटलॉग करा, बारसं, ओटीभरण, साखरपुडा, लग्न असे वेगवेगळे, आणि कमीत कमी रेट लिहाच. "स्वस्तात मस्त" मात्र लिहू नका, घासाघीस करणारेच येतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, तेव्हा अॅडव्हान्स घेताना समोरच नंबर सेव्ह करून घ्या.

पावसाळ्यात बसून राहायचं नाही. गणपतीत मंडळांची कामं असतात, शहापुरातल्या साडीच्या दुकानांना ऑनलाईन विकायला फोटो लागतात, लग्नापेक्षा पैसे कमी पण रोजचे.

खर्च किती? मी १०० रुपये आले की पाच बाजूला काढतो, त्यातच सॅम्पल अल्बम, लॅमिनेशन, जाहिरात सगळं. आणि गल्ल्याजवळ एक शंभर पानी वही. फोन आला की पहिला प्रश्न, नंबर कुणी दिला? उत्तर तिथंच लिहायचं. पितृपक्षात ती वही घेऊन बसतो, ज्याच्या नावापुढं एकपण काम नाही तो खर्च बंद, आणि आचाऱ्याच्या घरी दिवाळीला कुंद्याचा बॉक्स.