लँग्ली यांचे ४५ सेंटचे तिकीट संग्रहात कसे लावावे

खगोलशास्त्रज्ञ आणि विमानविद्येचे आद्य संशोधक सॅम्युएल लँग्ली यांच्या सन्मानार्थ अमेरिकेच्या टपाल खात्याने १९८८ साली ४५ सेंटचे हवाई टपालाचे तिकीट काढले. भारतात येणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला तेव्हा नेमके एवढेच टपाल लागत असल्याने, अमेरिकेतल्या नातेवाइकांनी त्या दोन-तीन वर्षांत पाठवलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात हे तिकीट आपल्या घरीही सापडू शकते.

तिकीट सापडताच कात्री हाती घेऊ नये. शिक्क्यावरील गाव आणि तारीख स्वच्छ वाचता येत असेल, तर पाकीट अखंडच ठेवावे, कारण पत्राचा प्रवास त्यावर नोंदलेला असतो. शिक्का पुसट असेल तरच तिकिटाभोवती थोडा कागद राखून तुकडा कापावा. हवाई पाकिटाची लाल-निळी किनार मात्र त्यात येऊ देऊ नये, कारण तिचा रंग पाण्यात सुटून तिकिटाला लागू शकतो. हा तुकडा कागदाची बाजू खाली ठेवून गार पाण्यावर सोडावा. पंधरा-वीस मिनिटांत डिंक फुगतो आणि तिकीट कागदावरून आपोआप घसरू लागते. घसरत नसेल तर आणखी थांबावे, ओढू नये. ओल्या तिकिटाचे दाते जराशा ताणानेही फाटतात. उरलेला डिंक धुऊन तिकीट टिपकागदावर पालथे वाळवावे, मग जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावे आणि पुढे चिमट्यानेच हाताळावे. चिकटपट्टी कधीही वापरू नये.

पानावरील टिपणाला माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा. लँग्ली यांनी सूर्याची उष्णता मोजण्यासाठी बोलोमीटर हे उपकरण तयार केले आणि पुढे ते स्मिथसोनियन संस्थेचे सचिव झाले, हे आधी लिहावे. तिकिटावर आहे ते त्यांचे ‘एरोड्रोम क्रमांक ५’ हे वाफेच्या इंजिनाचे, चालकविरहित विमान. ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवरील नौकेच्या छतावरून ते सोडण्यात आले आणि सुमारे १,००० मीटर उडाले. त्यांचे माणसासह उडवायचे मोठे विमान १९०३ च्या ऑक्टोबरात व डिसेंबरात दोनदा नदीत कोसळले, हेही टिपणात अवश्य यावे. मात्र सन्मान १८९६ च्या उड्डाणाचा आहे, म्हणून मथळ्याला तेच वर्ष द्यावे.

राइट बंधूंची ३१ सेंटची तिकिटे १९७८ मध्येच निघाली असली, तरी पाने घटनेच्या क्रमाने लावावीत आणि १७ डिसेंबर १९०३ चे त्यांचे पान लँग्लींच्या पानानंतर ठेवावे.