ईकेएस क्लस्टरच्या नोडची डीफॉल्ट इमेज कशी बदलावी

ईकेएस म्हणजे अमेझॉनची कुबरनेटिस सेवा. तिच्या क्लस्टरमधल्या सर्व्हरना नोड म्हणतात, सारख्या नोडच्या संचाला नोड ग्रुप, आणि नोड ज्या तयार डिस्क-प्रतीवरून उठतो ती इमेज, म्हणजेच एएमआय. इमेजचा आयडी बदला आणि नोड ग्रुप अपडेट करा, असं दोन ओळींत सांगणारे पुष्कळ भेटतात. ते ऐकून हात घालू नका. आयडी बदलणं सोपंच आहे. नव्या इमेजवर उठलेला सर्व्हर क्लस्टरला जोडला जाणं आणि त्यावरचे पॉड (ॲप्लिकेशनचे कंटेनर) धड चालणं यात खरी मेहनत आहे, आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

हे काम टाळण्यासारखंही राहिलेलं नाही. नोडवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे अमेझॉन लिनक्स २ ची मुदत ३० जून २०२६ आहे. ईकेएससाठीच्या तिच्या नव्या इमेज २६ नोव्हेंबर २०२५ नंतर निघत नाहीत आणि कुबरनेटिस १.३२ ही तिची शेवटची आवृत्ती. पुढे जायचं तर अमेझॉन लिनक्स २०२३ किंवा बॉटलरॉकेट. मी इथे २०२३ बद्दल लिहितोय.

वेळ कोणती निवडायची? "रविवारी रात्री करा" हा सल्ला सगळीकडे चालत नाही. बीड-धाराशिवकडच्या साखर कारखान्याचा वजनकाटा तुमच्या क्लस्टरवर असेल, तर गळीत हंगामात रविवारची रात्र आणि सोमवारची दुपार सारखीच. ट्रॉल्यांची रांग चोवीस तास असते. असं काम हंगाम संपल्यावर काढा. बाजार समितीचं सॉफ्टवेअर असेल तर सौदे आटोपल्यानंतरची संध्याकाळ पुरते, पण सोयाबीनच्या आवकेचे दिवस सोडून. आणि सगळ्या कमांड क्लाउडमधल्याच एखाद्या मशीनवरून टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवा. ड्रेन (जुन्या नोडवरून पॉड हटवणं) अर्ध्यावर असताना ऑफिसची लाइट गेली, तर काम तिथे चालू राहिलं पाहिजे.

पहिला निर्णय: स्वतःची इमेज हवी आहे का? बहुतेकांना नको असते. फक्त ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची असेल तर नोड ग्रुपचा एएमआय टाइप अमेझॉन लिनक्स २०२३ ठेवा आणि लाँच टेम्प्लेटमध्ये (नवा सर्व्हर कसा उठवायचा त्याच्या साच्यात) इमेजचा आयडी लिहूच नका. मग क्लस्टरला जोडण्याचा भाग ईकेएस स्वतः भरतं. एखादा मॉनिटरिंग एजंट बसवायचा म्हणून लोक स्वतःची इमेज बांधतात. त्याला डेमनसेट (प्रत्येक नोडवर एकेक पॉड चालवण्याची सोय) पुरतो. सुरक्षा ऑडिटने सक्ती केली असेल किंवा कर्नलमध्ये बदल हवा असेल, तरच त्या वाटेला जा.

जायचंच असेल तर पायाची इमेज ईकेएसचीच घ्या. तिचा आयडी अमेझॉनच्या पॅरामीटर स्टोअरमधून काढा, कुणाच्या लेखातून उचलू नका. आयडी रिजननुसार वेगळा असतो. मुंबईचा आयडी हैदराबादमध्ये चालत नाही, आणि मराठवाड्यातल्या टीम या दोन्ही रिजनमध्ये काम करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. इमेज पॅकर या साधनाने बांधा. चालू नोडचा स्नॅपशॉट काढून इमेज बनवू नका. त्यात जुना मशीन आयडी आणि क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला सर्व्हर तयार करणाऱ्या प्रोग्रामची) जुनी स्थिती तशीच येते.

दुसरं, चालू नोड ग्रुपला हात लावू नका. त्याचा एएमआय टाइप नंतर बदलता येत नाही, आणि लाँच टेम्प्लेटशिवाय बनवलेल्या ग्रुपला मागाहून टेम्प्लेट जोडता येत नाही. शेजारी नवा ग्रुप उभा करा, एकाच नोडचा.

आता अवघड टप्पा. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आहे. ईसी२ च्या पडद्यावर सर्व्हर चालू दिसतो, पण नोडच्या यादीत त्याचं नाव येत नाही. बराच वेळ थांबल्यावर ईकेएस सांगतं की इन्स्टन्स क्लस्टरला जोडले गेले नाहीत. एवढंच. कारण तुम्हीच शोधायचं.

नव्वद टक्के वेळ वाया जातो तो जुना यूजर डेटा (सर्व्हर उठताना त्याला दिलेल्या सूचना) तसाच चिकटवल्यामुळे, असं माझं ठाम मत झालं आहे. अमेझॉन लिनक्स २ मध्ये बूटस्ट्रॅपची शेल स्क्रिप्ट होती. क्लस्टरचं नाव दिलं की बाकीची माहिती ती स्वतः विचारून आणायची. २०२३ मध्ये ती स्क्रिप्ट गेली आणि नोडएडीएम हे साधन आलं. त्याला यामलमधला नोडकॉन्फिग लागतो. टेम्प्लेटमध्ये इमेजचा आयडी असेल तर त्यात चार गोष्टी तुम्हीच लिहायच्या: क्लस्टरचं नाव, एपीआय सर्व्हरचा पत्ता, सर्टिफिकेट आणि सर्व्हिस सीआयडीआर (क्लस्टरमधल्या सेवांच्या आयपी पत्त्यांचा पट्टा). यूजर डेटा माइम मल्टिपार्ट स्वरूपात असतो. त्यातली सीमारेषा किंवा कंटेंट टाइप चुकला तर नोडएडीएमला कॉन्फिग सापडतच नाही.

सीआयडीआरबद्दल वेगळा इशारा. ईकेएस साधारणपणे १०.१००.०.०/१६ किंवा १७२.२०.०.०/१६ यांपैकी एक देतं. तुमच्या क्लस्टरला कोणता मिळाला ते बघूनच लिहा. दुसऱ्या क्लस्टरचा उचलून टाकला तर नोड जोडला जातो, रेडी दिसतो आणि पॉडही त्यावर जातात. पण डीएनएसचा पत्ता याच सीआयडीआरवरून ठरत असल्यामुळे त्या पॉडना कुठलंही नाव सापडत नाही. मग लोक ॲप्लिकेशनचे लॉग उकरत बसतात. म्हणून नोड रेडी दिसला की आधी त्यावर एक साधा पॉड टाकून नाव शोधून पाहा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नोड जोडलाच गेला नाही तर अंदाज बांधत बसू नका. सेशन मॅनेजरने सर्व्हरवर जा आणि नोडएडीएम-कॉन्फिग, नोडएडीएम-रन आणि क्युबलेट (नोडवर पॉड चालवणारा प्रोग्राम) यांचे जर्नल, म्हणजे लॉग, याच क्रमाने वाचा. कॉन्फिग वाचता आला नाही असं दिसलं तर यूजर डेटा तपासा. अनऑथोराइज्ड आलं तर नोडचा आयएएम रोल (त्याची परवानग्यांची ओळख) क्लस्टरला ओळखीचा नाही. टाइमआउट आला तर सबनेटची वाट किंवा सिक्युरिटी ग्रुप बघा. टेम्प्लेटमध्ये स्वतःचा सिक्युरिटी ग्रुप दिला असेल तर ईकेएस क्लस्टरचा ग्रुप आपणहून जोडत नाही. तोही तुम्हीच लिहायचा. "सिक्युरिटी ग्रुप पूर्ण उघडून बघा" असा सल्ला कुणी दिला तर मानू नका. लॉग कारण सांगतो, तो वाचा.

नोड जोडला म्हणजे ॲप्लिकेशन चालेलच असं नाही. २०२३ मध्ये सीग्रुप व्ही२ आहे, म्हणजे कंटेनरच्या मेमरी-सीपीयू मर्यादा ठेवण्याची लिनक्सची नवी पद्धत. जावा ८ अपडेट ३७२ च्या आधीची किंवा जावा ११ मध्ये ११.०.१६ च्या आधीची असेल, तर तिला कंटेनरची मेमरी मर्यादा दिसत नाही. ती पूर्ण नोडच्या मेमरीवरून हीप (स्वतःच्या मेमरीचा आकार) ठरवते आणि लोड वाढला की पॉड मारला जातो. सहकारी संस्थांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जावा ८ हमखास असते, त्यामुळे आवृत्ती आधी तपासा. शिवाय लाँच टेम्प्लेट न देता बनवलेल्या मॅनेज्ड नोड ग्रुपमध्ये मेटाडेटा सेवेची (सर्व्हरला क्रेडेन्शियल देणाऱ्या सेवेची) हॉप मर्यादा १ असते, त्यामुळे नोडच्या रोलवर विसंबलेल्या पॉडना क्रेडेन्शियल मिळत नाहीत. मर्यादा २ करण्याची पळवाट आहे. पण त्या पॉडना स्वतःचा रोल द्या, तेच योग्य.

मग नवा ग्रुप पूर्ण आकाराचा करा, जुने नोड कॉर्डन करा (त्यांवर नवे पॉड जाणं थांबवा) आणि एकेक करून ड्रेन करा. ड्रेन अडकला तर पॉड डिसरप्शन बजेट (किमान किती पॉड चालू राहिलेच पाहिजेत हा नियम) बघा: दोन प्रती आणि किमान उपलब्ध दोन, असं लिहिलेलं असेल तर तो कधीच पुढे सरकणार नाही. जबरदस्तीने पॉड उडवू नका, प्रत एकने वाढवा. ईबीएस व्हॉल्यूम (पॉडची डेटा-डिस्क) एकाच झोनमध्ये राहतं, म्हणून जुना ग्रुप ज्या झोनमध्ये होता त्या सगळ्या झोनमध्ये नवा ग्रुप हवा.

जुना ग्रुप शून्यावर आणा, पण कामाचा एक पूर्ण दिवस नीट गेल्याशिवाय काढू नका.

शेवटी टेम्प्लेट. नवी आवृत्ती बनवली तरी डीफॉल्ट म्हणून जुनीच खुणावलेली राहते. पुढचा ग्रुप कुणी आवृत्ती न लिहिता बनवला तर जुनीच इमेज परत येईल. नव्या आवृत्तीला डीफॉल्ट करा. क्लाउडची रचना कोडमध्ये लिहिण्यासाठी टेराफॉर्म वापरत असाल तर लाँच टेम्प्लेटमधला डीफॉल्ट आवृत्ती अपडेट करण्याचा पर्याय चालू करा आणि तो बदल गिटमध्ये टाका.