मॉलमधल्या चित्रपटगृहाचा इतिहास कसा लिहावा

एखाद्या व्यापारी संकुलातील चित्रपटगृहाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा तिथे लागलेल्या चित्रपटांच्या यादीपासून सुरुवात करतो आणि पहिल्याच पानावर अडकतो. एकच चित्रपट एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर झळकलेला असल्यामुळे त्या यादीतून आपल्या भागातल्या चित्रपटगृहाविषयी फारसे काही कळत नाही. ते कळते जमिनीच्या कागदांवरून, परवान्यावरून, करावरून आणि खेळांच्या वेळांवरून. म्हणून आधी कागद, मग माणसे आणि चित्रपट सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा.

कागद शोधण्यापूर्वी आपण नेमका कशाचा इतिहास लिहीत आहोत, हे ठरवावे लागते. इमारत, तिच्यातील प्रेक्षागृह आणि दारावरची पाटी या तीन गोष्टींचे आयुष्य क्वचितच सारखे असते. दिल्लीतील साकेतच्या कम्युनिटी सेंटरमधील ‘अनुपम’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. बाजारसंकुलातील हे मूळचे एकपडदा चित्रपटगृह. ‘प्रिया’ चित्रपटगृहाचे मालक अजय बिजली आणि ऑस्ट्रेलियातील व्हिलेज रोडशो ही कंपनी यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या ‘पीव्हीआर’ने ते चालवायला घेतले, त्याचे चार पडदे केले आणि जून १९९७ मध्ये ते ‘पीव्हीआर अनुपम’ म्हणून सुरू झाले. देशातील मल्टिप्लेक्सचा इतिहास सहसा इथून सांगितला जातो. परंतु १९९७ हा त्या पाटीचा जन्म आहे, त्या जागेचा नव्हे. पुण्यात बंडगार्डन रस्त्यावर मे २००२ मध्ये ‘आयनॉक्स’चे पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले, पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. मालकीची पाटी अशी बदलत असल्याने इमारत, प्रेक्षागृह आणि चालक कंपनी यांच्यासाठी वहीत तीन वेगळे रकाने आखून प्रत्येक तारीख योग्य रकान्यातच लिहावी.

महाराष्ट्रात काम करायचे असेल तर जमिनीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी; संकुल शहराच्या कडेला उभे राहिले असेल तर त्याआधीचा सातबाराही पाहावा, कारण आज जिथे पार्किंग आहे तिथे पूर्वी गिरणीची चाळ होती की भाताचे खाचर, हे तिथेच कळते. महानगरपालिकेत बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र असते. चित्रपटगृहाचा परवाना पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. चित्रपटगृह चालवणारी कंपनी खासगी असली तरी तिने सरकारी कार्यालयात दाखल केलेले पुष्कळ कागद माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. अर्जाचे शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मात्र महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असल्याने ‘संपूर्ण इतिहास द्यावा’ असा अर्ज न करता एका अर्जात परवान्याच्या प्रती आणि दुसऱ्यात आसनव्यवस्थेचे मंजूर नकाशे मागावेत.

आसनांचे नकाशे कंटाळवाणे वाटतात, परंतु माझ्या मते सगळ्या दप्तरात तेच सर्वाधिक बोलके असतात. ‘पीव्हीआर अनुपम’ सुरू झाले त्याच महिन्यात, १३ जून १९९७ रोजी, दक्षिण दिल्लीतच ग्रीन पार्क येथील ‘उपहार’ चित्रपटगृहात आग लागली आणि ५९ माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरमधून आग भडकली, धूर वर चढला आणि वाढीव खुर्च्यांमुळे बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने बाल्कनीतील प्रेक्षक अडकून पडले. खुर्च्या केव्हा आणि कोणाच्या परवानगीने वाढवल्या, हा प्रश्न पुढे न्यायालयीन चौकशीच्या केंद्रस्थानी आला. आपल्या चित्रपटगृहाचे निरनिराळ्या वर्षांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून कोणती रांग वाढली, कोणता दरवाजा सरकला आणि बाल्कनी केव्हा नाहीशी झाली, हे ताडून पाहावे.

त्यानंतर कराकडे वळावे. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्स एकाएकी का फोफावले, याचे निम्मे उत्तर २००१ च्या सवलतीत आहे. मंजूर मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ, पुढची दोन वर्षे केवळ पंचवीस टक्के आणि त्यानंतर पूर्ण आकारणी, असे तिचे स्वरूप होते. तुमचे चित्रपटगृह त्या लाटेतले असेल तर सुरू झाल्यापासून तिसऱ्या आणि पाचव्या वर्षानंतर तिकिटाचे दर, खेळांची संख्या किंवा खाद्यपदार्थांच्या किमती हलल्या का, हे आवर्जून तपासावे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला: शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यापुढे २८ टक्के. १ जानेवारी २०१९ पासून हेच दर १२ आणि १८ टक्के झाले. त्यामुळे तारीख पुसलेल्या तिकिटावर २८ टक्क्यांचा आकडा दिसला तर ते तिकीट या दीड वर्षातलेच, असे निःशंक म्हणता येते. तिकिटे हाती पडताच त्यांची छायाचित्रे घ्यावीत. थर्मल कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडतात. मी जपून ठेवलेल्या डबाभर तिकिटांपैकी बहुतेक आज कोरी आहेत.

वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत परीक्षणे न वाचता जाहिरातींचे पान पाहावे. ‘दररोज ३, ६, ९’ ही एकपडदा चित्रपटगृहांची लय मोडून दहा चाळीस, एक पाच असे आडवेतिडवे आकडे केव्हा दिसू लागले, ती तारीख टिपावी. प्रत्येक वर्षातील एकच ठराविक आठवडा निवडला तरी काम आटोक्यात राहते. त्याच पानावर मराठी चित्रपटांना कोणत्या वेळा मिळाल्या, हेही मोजावे. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समधील मराठी चित्रपटांच्या प्राइम टाइमवरून राज्यात वाद झाला होता, आणि तुमच्या चित्रपटगृहात त्याआधी व नंतर प्रत्यक्ष काय घडले, हे त्या पानावरच सापडेल.

आता माणसे. व्यवस्थापकापेक्षा ऑपरेटर, डोअरकीपर आणि बुकिंग क्लार्क यांना आधी भेटावे, आणि ‘आठवणी सांगा’ असे न म्हणता यंत्राविषयी विचारावे. एकपडदा चित्रपटगृहातला ऑपरेटर साधारण वीस मिनिटांचे एकेक रीळ दोन प्रोजेक्टरवर आळीपाळीने चढवत असे. मल्टिप्लेक्समध्ये प्लॅटर आले, अख्खा चित्रपट जोडून एकाच आडव्या थाळीवर गुंडाळता येऊ लागला आणि एक माणूस अनेक पडदे सांभाळू लागला. डिजिटल प्रक्षेपणानंतर रीळच उरले नाही. ‘तुमच्या केबिनमध्ये किती माणसे होती आणि केव्हा कमी झाली?’ या एका प्रश्नाने तास-दोन तासांची हकिगत बाहेर पडते. सांगितलेल्या तारखांवर मात्र विसंबू नये. त्या डीसीआरशी, म्हणजे दैनंदिन गल्ल्याच्या तक्त्याशी, किंवा वर्तमानपत्राशी जुळवून घ्याव्यात.

लिहिताना ‘पहिले’ हा शब्द जपून वापरावा. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या वॉर्ड पार्कवे या शॉपिंग सेंटरमध्ये स्टॅन्ली डरवुड यांनी १९६३ मध्ये दोन पडद्यांचे ‘पार्कवे ट्विन’ सुरू केले आणि मल्टिप्लेक्सचा मान बऱ्याचदा त्यालाच दिला जातो. पण कॅनडातील ओटावा येथे नॅट टेलर यांनी त्यापूर्वीच आपल्या ‘एल्गिन’ चित्रपटगृहाला दुसरा पडदा जोडला होता. कशातले पहिले, कुठले पहिले आणि कोणाच्या म्हणण्यानुसार पहिले, या तिन्हींची उत्तरे वाक्यात बसत नसतील तर तो शब्द गाळावा.

चित्रपटगृह अजून सुरू असेल तर तिकीट खिडकी, आपत्कालीन मार्गाचा फलक, परवान्याची भिंतीवर लावलेली प्रत आणि सरकत्या जिन्यावरून दिसणारा दर्शनी भाग यांची छायाचित्रे परवानगी घेऊन याच आठवड्यात काढावीत. मॉलमधला गाळा एकदा रिकामा झाला की महिन्याभरात तिथे कपड्यांचे दुकान किंवा ट्रॅम्पोलिन पार्क येते आणि उतरत्या जमिनीवर काँक्रीट ओतून ती सपाट केली जाते.