गरम झाली की बंद पडणारी जुनी मोटरसायकल: दोष कंडेन्सरचा

लक्षण: थंड इंजिन पहिल्या किकला सुरू, गरम झालं की मिसफायर आणि मग बंद. थंड झालं की पुन्हा ठीक. प्लग, कॉइल बदलले, कार्ब्युरेटर साफ केला; फरक शून्य. वैताग आला होता.

शेवटी गाडी गरम असतानाच पॉइंटचं (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) झाकण काढून अंधारात किक मारली. पॉइंटमध्येच ठसठशीत ठिणग्या, प्लगवर मात्र फिकी पिवळी. म्हणजे कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, तिथली ठिणगी दाबणारा छोटा कपॅसिटर) गेला. (थंडपणी तो चांगलाच वाटतो, म्हणून चकवतो.)

आधी नवा कंडेन्सर, त्याची अर्थिंगची (बॉडीला टेकण्याची) जागा घासून. मग पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ. पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमच्या उंचवट्यावर ते पूर्ण उघडे ठेवून दोन्ही टोकांमधला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, तुमच्या मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सगळ्यात शेवटी, कारण गॅप हलला की तेही हलतं.