धिंगरीच्या खोलीतला वास: कुठून येतो, कसा थांबवायचा

गच्चीवरची खोली, रो-हाऊसचं मागचं पार्किंग, नाहीतर रिकामी पडलेली बेडरूम. नाशिकचं सिडको असो की इंदिरानगर, घरगुती धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) अशाच जागेत सुरू होते. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू विचारतात, "कसला वास येतोय हो?" मग फिनेल येतं, उदबत्ती येते, कापूर येतो, आणि शेवटी महागडा फिल्टर. यातलं काहीही आणण्याआधी वास कसला आहे ते ठरवा. प्रत्येक वासाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

निरोगी बेडचा, म्हणजे अळिंबी वाढते त्या काड भरलेल्या पिशवीचा, वास सौम्य असतो. ताज्या अळिंबीचा ओळखीचा गंध आणि त्यात किंचित बडीशेपेसारखी छटा. तो खोलीबाहेर सहसा जाणवत नाही. लोणच्यासारखा आंबट वास आला तर काडात पाणी जास्त झालंय आणि जिवाणू वाढलेत. सडक्या अंड्याचा वास म्हणजे पिशवीच्या तळाशी पाणी साचून हवा संपली. नाकाला झोंबणारा अमोनिया आला तर कोंडा किंवा पेंड जास्त पडली. गोडसर, दारूसारखा वास यीस्टचा. ओल्या कपड्यासारखा कुबट वास आला तर आधी भिंती आणि गोणपाट हुंगून बघा, बेडवर संशय नंतर. हिरवी बुरशी लागलेल्या पिशवीला कधी कधी चक्क खोबऱ्याचा वास येतो. तो आवडला तरी पिशवी बाहेरच काढायची.

एक अडचण लक्षात ठेवा. दहा-पंधरा मिनिटं आत थांबलं की आपलं नाक तो वास नोंदवणं बंद करतं. म्हणून तपासणी सकाळी, बाहेरून आल्या आल्या करा, आणि शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभं राहूनही करा. घरातल्या ज्या माणसाचा या खोलीशी काही संबंध नाही, त्याचं मत तुमच्या मतापेक्षा भरवशाचं.

काड आणि पाणी

सर्वात मोठा गुन्हेगार इथे सापडतो. गव्हाचं काड निफाड-सिन्नरकडून, भाताचा पेंढा इगतपुरी-त्र्यंबककडून, सोयाबीनचा भुसा सगळीकडून मिळतो. काहीही घ्या, पण पावसात भिजलेलं, काळं पडलेलं काड घेऊ नका. त्यात कूज आधीच सुरू झालेली असते आणि गरम पाण्याने ती लपत नाही.

काडाचे २ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करून थंडीत ८ ते १० तास भिजवा. एप्रिल-मेमध्ये ५-६ तास पुरे. उन्हाळ्यात रात्री भिजत घातलेलं काड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच राहिलं तर पिंपावर फेस दिसतो आणि आंबट वास सुटतो. भिजवलेलं पाणी पुढच्या खेपेला वापरू नका. पाणी वाचतं, पण मागच्या खेपेचे जिवाणू आयते मिळतात. ते चहाच्या रंगाचं पाणी त्याच दिवशी झाडांना घाला, दुपटीने साधं पाणी मिसळून. साठवलं तर दोन दिवसांत गटारासारखं घमघमतं.

मग ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १ तास. अंदाजावर जाऊ नका, साधा प्रोब थर्मामीटर घ्या. पिंपाच्या वरच्या थरात ८० आणि मध्ये ६० असा प्रकार नेहमीचा, म्हणून तास मोजायचा तो मधल्या थराने ८० गाठल्यापासून. कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मॅलिनची थंड पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मोकळ्या शेडमध्ये ती चालते, राहत्या घरात नको. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे.

काड बारदानात भरून २-३ तास टांगा, नंतर स्वच्छ प्लॅस्टिकवर पसरा. मूठभर काड जोरात पिळा. एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर, म्हणजे साधारण ६५ ते ७० टक्के. धार लागली तर अजून थांबा. या एका थांबण्यावर पुढच्या महिन्याचा निम्मा वास अवलंबून असतो, आणि नेमका इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, कारण स्पॉन (अळिंबीचं बियाणं) आणलेलं असतं आणि संध्याकाळ झालेली असते.

पिशव्या

१४ बाय २२ इंचाची पिशवी, त्यात ३ ते ४ किलो ओलं काड, आणि ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के स्पॉन, म्हणजे पिशवीमागे ६० ते ८० ग्रॅम. बाजूला १५-२० छिद्रं आणि तळाला ४-५ वेगळी. तळाची छिद्रं विसरली तर तिथे पिवळं पाणी साचतं आणि सडक्या अंड्याचा वास तिथूनच उठतो. असं पाणी दिसलं तर तापवलेल्या सुईने तळाला भोकं पाडून पाणी बशीत निथळू द्या. वरचा भाग पांढरा आणि घट्ट असेल तर पिशवी वाचते.

अळिंबीची पांढरी बुरशी काडात पसरताना पिशवी स्वतः तापते. एकीला एक चिकटवून रचल्या तर मधल्या पिशव्यांचं तापमान खोलीपेक्षा बरंच वर जातं, बुरशी मरते आणि जिवाणू राज्य करतात. दोन पिशव्यांत किमान १५ सेंटिमीटर जागा सोडा. मधल्या पिशवीत थर्मामीटर खुपसून बघा. ३० च्या वर गेलं तर अंतर वाढवा.

कोंडा घालायचाच असेल तर कोरड्या काडाच्या ५ टक्क्यांवर जाऊ नका, आणि मार्च ते जून तोही नको.

गोणपाट आणि नहाणी ट्रॅप

खोली थंड राहावी म्हणून भिंतीला ओलं गोणपाट लावायची पद्धत चांगलीच आहे, पण ते कधी सुकूच दिलं नाही तर आठवड्यात कुबट होतं. दोन संच ठेवा. एक भिंतीवर, दुसरा धुऊन कडक उन्हात. पावसाळ्यात ऊन नसतं आणि बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा गोणपाट काढून टाका. त्या महिन्यांत त्याची गरजही नसते.

आता जे कुणाच्या लक्षात येत नाही ते. जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर उंचीचं पाणी असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. गच्चीवरच्या खोलीत ते पाणी सुकतं. त्यात तुम्ही हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की खोली गटारातून हवा ओढू लागते आणि शिव्या मात्र अळिंबी खाते. दर दोन-तीन दिवसांनी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल टाका. तेलाच्या थरामुळे पाणी उडणं मंदावतं.

फरशी ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, पण त्यात टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

काढणी

टोपीची कड वर वळायच्या आधी झुपका हलकेच पिरगळून मुळासकट काढा. उशीर झाला की बीजाणूंची पांढुरकी भुकटी सगळीकडे बसते. वासापेक्षा ती छातीला वाईट. खोकला, दमा आणि ताप येण्यापर्यंत मजल जाते, म्हणून काढणीला एन-९५ मास्क लावा. देठाचे बुडखे बेडवर राहिले तर दोन दिवसांत चिकट होऊन कुजतात, चिलटं येतात आणि मासळीसारखा वास सुटतो. बुडखे चाकूने खरवडून त्याच दिवशी बाहेर न्या.

हवा

१० बाय १० फुटांची आणि १० फूट उंचीची खोली म्हणजे १००० घनफूट, सुमारे २८ घनमीटर. काढणीच्या काळात तासाला ६ वेळा हवा बदलायची तर ताशी १७० घनमीटर, म्हणजेच मिनिटाला १०० घनफूट हवा हवी. पंखा पुरत नाही हे अळिंबीच सांगते: देठ लांब, टोपी छोटी. थंडीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा ऊब राहावी म्हणून लोक खोली बंद करून टाकतात आणि लांब देठ आणि कुबट वास दोन्ही एकदम पदरात पडतात.

पंख्याच्या डब्यावरचा आकडा समोर अडथळा नसतानाचा असतो. फिल्टर, ३ मीटर डक्ट (हवा नेणारा नळ) आणि एखादं वळण आलं की हवा बरीच घटते. ताशी १७० घनमीटर हवे असतील तर ताशी २५० ते ३०० लिहिलेला इनलाइन (डक्टलाच जोडायचा) पंखा घ्या. स्वयंपाकघरातला पात्यांचा एक्झॉस्ट फिल्टरमागे लावला तर नुसता गरगरतो, हवा सरकत नाही. लवचिक डक्ट पूर्ण ताणून लावा, लोंबकळती वळणं नकोत. पंखा डक्टच्या बाहेरच्या टोकाशी बसवा. मग सगळी डक्ट ओढीखाली राहते आणि सांध्यात फट असली तरी वास बाहेर गळत नाही, उलट आत ओढला जातो.

हवा आत यायला समोरच्या भिंतीत खाली झडप ठेवा, डक्टच्या तोंडाच्या दीडपट आकाराची, आणि तिला चिलटं अडवणारी बारीक जाळी लावा. सगळं चालू करून दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर खोली बरोबर आहे. बाहेर गेला किंवा सरळ वर चढला तर झडप फार मोठी आहे किंवा पंखा कमी पडतोय. बाहेरचं तोंड कठड्याच्या वर काढा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, त्या दिवसांत पूर्वेला कुणाची खिडकी आहे ते आधी बघा.

कार्बन फिल्टर

फिल्टर घरीही बनतो. भोकांच्या जाळीचे दोन नळे घ्या, आतला १० सेंटिमीटर व्यासाचा, बाहेरचा २०, उंची ३०. मधल्या ५ सेंटिमीटरच्या पोकळीत सुमारे ७ लिटर, म्हणजे अंदाजे साडेतीन किलो, ४ मिलिमीटरच्या गोळ्यांचा सक्रिय कार्बन मावतो. ताशी १७० घनमीटर हवा त्यातून जाताना सुमारे ०.१५ सेकंद कार्बनच्या सहवासात राहते. ०.१ च्या खाली गेलं की वास निसटू लागतो. शेगडीचा लोणारी कोळसा चालणार नाही, त्यात लागणारी सूक्ष्म छिद्रं नसतात.

भरताना दर ५ सेंटिमीटरला नळा ठोकत राहा. ठोकला नाही तर आठवड्यात गोळ्या बसतात, वर बोटभर पोकळी होते आणि सगळी हवा तिथूनच पळते. त्याच कारणाने फिल्टर आडवा न टांगता उभा टांगा. बाहेरून न विणलेल्या कापडाची खोळ घाला आणि ती दर ४-५ दिवसांनी धुवा, कारण बीजाणूंनी ती पटकन गच्च होते. कार्बन मात्र धुवायचा नाही.

आता खरी गोम. दमटपणा ७०-७५ टक्क्यांवर गेला की वाफच कार्बनची छिद्रं व्यापते आणि वासाला जागा उरत नाही. काढणीच्या खोलीत तर आपण मुद्दाम ८५-९० टक्के राखतो. बाहेर जाणारी हवा तापवून हे सुटतं. २२ अंशांची ९० टक्के दमट हवा २८ अंशांवर नेली की दमटपणा ६३ टक्क्यांच्या आसपास येतो. पण १७० घनमीटरला त्यासाठी सुमारे ३४० वॅटचा हीटर अखंड लागतो, म्हणजे दिवसाला ८ युनिट. घरगुती धंद्यात हे परवडत नाही. म्हणून फिल्टर लावायचाच तर काड तयार करायच्या आणि बुरशी पसरवायच्या खोलीला लावा, तिथली हवा त्यामानाने कोरडी असते आणि आंबूस वासही तिथेच जास्त. काढणीच्या खोलीला उंच तोंड आणि रोजची स्वच्छता हाच उपाय. ओला झालेला कार्बन मे महिन्याच्या उन्हात पसरला तर पाणी उडतं, पण धरलेला वास पुरता सुटत नाही. बाहेरच्या तोंडाशी वास जाणवू लागला की कार्बन बदला.

ओझोनचं यंत्र घेऊ नका. वास मारण्याइतका ओझोन फुप्फुसांना घातक असतो. डांबरगोळ्या, फिनेल, रूम फ्रेशनर यांचा वास अळिंबी ओढून घेते आणि भाजीत तो उतरतो.

संपलेले बेड

दोन-तीन काढण्यांनंतर, साधारण ४५ ते ६० दिवसांत, बेड संपतो. तो प्लॅस्टिकसकट कोपऱ्यात पडून राहिला तर आतापर्यंतची सगळी मेहनत एका आठवड्यात वाया जाते. त्याच दिवशी पिशवी फाडा, काड मोकळं करा, आणि कोरडी माती किंवा वाळलेला पाला मिसळून सावलीत ढीग लावा. आठवड्यातून एकदा ढीग उलटला तर तो आंबत नाही. हिरवी बुरशी लागलेल्या पिशव्या मात्र खोलीत फाडायच्या नाहीत. दुसऱ्या पिशवीत बांधून बाहेर न्या आणि खोलीपासून दूर पुरा, आणि त्या दिवशीचे कपडे बदलल्याशिवाय परत आत येऊ नका. मुरलेलं खत ओळखीच्या द्राक्षबागायतदाराला विचारून द्या. बुंध्याशी अंथरायला ते बरं पडतं.