कौशल्य स्पर्धेत गुण कसे ठरवावेत?

शिवाजी उद्यमनगर असो की शिरोली, कोल्हापुरात जॉब (मशीनवर घडवलेला भाग) हातात घेताच कारागिराचा हात ओळखणारी माणसं भरपूर आहेत. तरीही आयटीआयच्या मुलांची टर्नरची (लेथवर काम करणाऱ्याची) स्पर्धा घ्या, निकालानंतर एखादा मुलगा विचारतोच, "सर, माझा जॉब कुठं कमी पडला?" त्याला कागद दाखवून उत्तर देता यायला हवं. म्हणून गुणपत्रक स्पर्धेच्या आधी तयार करा आणि ड्रॉइंगसोबतच मुलांच्या हातात द्या.

१. सुरुवात ड्रॉइंगपासून करा. समजा, एमएस (माइल्ड स्टील) रॉडचा स्टेप शाफ्ट, म्हणजे पायरीपायरीने व्यास बदलणारा दांडा, करायचा आहे. प्रत्येक व्यास, लांबी, चॅम्फर (तिरकी कापलेली कड) आणि थ्रेड (आटे) वेगळा लिहून त्याचे गुण ठरवा. एकाच मापावर 20 गुण टाकू नका, नाहीतर एका घसरलेल्या कटमध्ये मुलगा स्पर्धेबाहेर जातो.

इथं एक गोष्ट हमखास सुटते. लांब्या एकापुढे एक साखळीने दिल्या, तर पहिली पायरी चुकली की पुढच्या पायऱ्यांच्या जागाही सरकतात आणि एका चुकीची शिक्षा दोन-तीनदा होऊ शकते. सगळ्या लांब्या एकाच फेसपासून (टोकाच्या सपाट बाजूपासून) द्या. मग प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासता येते.

२. मोजता येईल ते मोजूनच ठरवा. व्यास 30 मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±0.05 असेल तर 29.95 ते 30.05 मध्ये बसलेल्या जॉबला पूर्ण गुण, बाहेर गेलेल्याला शून्य. मधला टप्पा ठेवायचा असेल तर तोही आधीच लिहा. इथं 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या (मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाच्या) व्हर्नियरवर भागवू नका, 0.01 चा मायक्रोमीटर घ्या. आधी त्याचा झिरो तपासा, सगळे जॉब त्याच एका मायक्रोमीटरने आणि एकाच माणसाने मोजा. दोन्ही टोकांना माप घ्या, म्हणजे टेपर (एका टोकाकडे निमुळतं होणं) लपत नाही.

३. उरलेल्यासाठी डोळा. फिनिशिंग, बर (कडेला राहिलेली धातूची धारदार कूस) काढण्यातली सफाई या गोष्टींना परीक्षकाची नजर लागतेच. कोल्हापुरी चपलेची स्पर्धा असेल तर हा भाग वाढतो: एका इंचातले टाके मोजता येतात, वेणीचा एकसारखेपणा पाहावाच लागतो. वर्ल्डस्किल्स या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धांमध्ये यासाठी 0 ते 3 अशी पट्टी वापरतात: 0 म्हणजे उद्योगाच्या दर्जाखाली, 1 म्हणजे दर्जाइतकं, 2 म्हणजे काही बाबतींत सरस, 3 म्हणजे उत्कृष्ट. तीन परीक्षक एकमेकांना न विचारता अंक ठरवतात आणि एकदम दाखवतात. एकापेक्षा जास्त अंकाचा फरक पडला तर बोलून पुन्हा गुण देतात. ही पद्धत तशीच उचलावी. तीन अनुभवी माणसं एका टेबलाशी बसली की सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या मताकडे बाकीचे झुकतात, ते यामुळे टळतं.

४. ओळख झाका. जॉबवर नावाऐवजी कोड नंबर पंच करा. आपल्याकडे निदेशक, कारखानदार, पालक सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात, तेव्हा स्वतःच्या विद्यार्थ्याचा जॉब कुणी तपासू नये.

५. सुरक्षिततेचे गुण काम चालू असतानाच द्या. चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्येच ठेवून मशीन चालू करायला हात गेला, तर आधी मशीन थांबवा, मग नोंद करा. गॉगल न घालणं, सैल बाही, हाताने बुरा (कापलेल्या धातूचा कचरा) काढणं, प्रत्येकाचे किती गुण कापायचे हे आधीच छापलेलं हवं.

६. मशीनचाही विचार करा. एक लेथ नवा, दुसऱ्याच्या क्रॉस स्लाइडला (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाला) बॅकलॅश म्हणजे ढिलाई, तर गुणपत्रक कितीही चोख असलं तरी स्पर्धा न्याय्य होत नाही. चिठ्ठ्या टाकून लेथ वाटा, सरावाला वेळ द्या, रॉड एकाच लॉटमधला ठेवा.

७. स्पर्धेआधी एका निदेशकाकडून जॉब करून घ्या आणि तो परीक्षकांना वेगवेगळा तपासायला द्या. बेरजा फार वेगळ्या आल्या तर निकषाची भाषा सुधारा, परीक्षक बदलून काही होत नाही.

निकाल लावल्यावर प्रत्येकाला त्याचं गुणपत्रक द्या. हरकतीची मुदत संपेपर्यंत सगळे जॉब आणि तोच मायक्रोमीटर टेबलावर राहू द्या. कुणाला शंका असेल त्याच्यासमोर पुन्हा माप घ्या.