सर्व्हर दिसेना म्हणून माळ्यावर चढायच्या आधी

माळ्यावर ठेवलेल्या घरच्या सर्व्हरवर लग्नाचे फोटो, सातबाऱ्यांचे स्कॅन, पोरांची नीटची लेक्चरं असं सगळं भरून ठेवलेलं असतं आणि एके सकाळी लॅपटॉप म्हणतो, नेटवर्क पाथ सापडत नाही. लगेच शिडी लावू नका. खाली बसा, सामान गोळा करा, मग हात लावा.

पहिलं सामान म्हणजे कागद. वहीचं पान घ्या, जुन्या कॅलेंडरची पाठ घ्या, पण कागदच घ्या. त्यावर सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर), खोक्याच्या स्टिकरवरचा बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता (यंत्राची कायमची ओळख), सर्व्हरचं ॲडमिन नाव आणि पासवर्ड, राउटरचा पत्ता आणि त्याचाही पासवर्ड लिहा. फायबरवाल्यानं जोडणी देताना सांगितलेलं पीपीपीओईचं (नेटवर लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आणि स्विचच्या (घरातल्या लॅन वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या) कुठल्या पोर्टात कुठली वायर जाते, हेही त्यावर हवं. सर्व्हर चालू असतानाच हे लिहायचं, बंद पडल्यावर नाही. मागच्या खेपेला माझ्याकडं यातलं एकूणएक टाईप केलेलं होतं, रंगीत तक्त्यात. फाईल सर्व्हरवर होती. फोनमध्ये फोटो काढून ठेवला तर चालेल का, असं विचाराल. फोनचे फोटो आपोआप त्याच सर्व्हरवर जाऊन फोनमधून पुसले जात असतील तर तो फोटोही आतच अडकणार. म्हणून कागद. लिहून राउटरच्या शेजारी भिंतीवर नको, पासवर्ड आहेत. कपाटात ठेवा, पण घरातल्या आणखी एकाला जागा सांगून ठेवा.

टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, शिडी हे सांगायला नको. एक आखूड, चालते याची खात्री असलेली पॅच कॉर्ड (दोन्हीकडं क्लिप असलेली तयार लॅन वायर) मात्र वेगळी काढून ठेवा आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नका. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना लॅनचा पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबीचा लॅन डोंगल लागेल. तो आधी एकदा लावून बघा. नेट बंद असताना त्याचा ड्रायव्हर शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका. जुन्या पीसीवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट असं सॉफ्टवेअर टाकून सर्व्हर केला असेल तर मॉनिटर आणि कीबोर्ड वर न्यावा लागतो. ट्रूनॅस स्वतःचा पत्ता स्क्रीनवर लिहून दाखवतं, अर्धं काम तिथंच होतं. कंपनीचं तयार खोकं असेल तर स्क्रीन नसतो. त्या कंपनीचं शोधक ॲप आधीच उतरवून ठेवा. बाकी फोनमध्ये डेटा पॅक शिल्लक असू द्या.

आता घरात एकच प्रश्न विचारा: रात्री लाईट गेली होती का? आमच्याकडं निम्म्या भानगडींचं मूळ तिथं असतं. लाईट आली की सगळं एकदम चालू होतं, पण फायबरचा डबा आणि राउटर सावकाश उठतात. सर्व्हर आधी उठला आणि त्याला पत्ता देणारं कुणी भेटलं नाही, तर तो स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. काही खोकी पुन्हापुन्हा मागत राहतात, काही तशीच बसून राहतात. राउटर पूर्ण चालू झाल्यावर सर्व्हर एकदा रीतसर बंद करून चालू केला की हे मिटतं. रीतसर म्हणजे बटणानं, प्लग ओढून नाही. आत हार्ड डिस्क फिरत असतात. आणि सर्व्हरला यूपीएस लावून स्विच नि फायबरचा डबा उघड्यावर सोडणाऱ्यांनो, सर्व्हर जिवंत राहून उपयोग काय? तिन्ही यूपीएसवर घ्या. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो.

दुपारी बंद आणि रात्री चालू, असा पाढा असेल तर सेटिंगमध्ये शिरूच नका. पत्र्याखाली मे महिन्यात ठेवलेला प्लॅस्टिकचा स्विच तापून अडकतो. जागा बदला.

यानंतर वायर, आणि इथं घाई नको. पोर्टाजवळची बत्ती बघायची हे सगळ्यांना माहीत असतं. बत्तीवर विश्वास किती ठेवायचा हे माहीत नसतं. वायर तपासायला आलेला पोरगा खालूनच म्हणाला, "बत्ती लुकलुकतीय की सर, लाईन ओके हाय." बत्ती खरंच लुकलुकत होती. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला, चारही लागतात. उंदरानं तपकिरी जोडी कुरतडली तर जोडणी तुटत नाही, गुपचूप शंभरवर उतरते आणि बत्ती आपली लागलेलीच. लक्षण ओळखायचं ते फाईल कॉपी करताना. सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइटवर अडलं तर वायर. एकशे दहाच्या आसपास असेल तर गिगाबिट नीट चालू आहे. शंभर जीबीच्या लग्नाला एकीकडं अडीच तासांच्या आसपास, दुसरीकडं पाव तास. दोन्ही टोकांचे क्लिप बघा, नख लावून 'टिक' वाजतंय का ऐका. मग ती वेगळी ठेवलेली पॅच कॉर्ड घ्या, लॅपटॉप वर न्या आणि सर्व्हरला थेट जोडून बघा. असं थेट जोडायला आजकालच्या पोर्टांना वेगळी, उलट्या जोडणीची वायर लागत नाही. थेट जोडल्यावर वेग आला तर दोष भिंतीतल्या वायरीत किंवा स्विचच्या पोर्टात. स्विचचा पोर्ट बदलून बघा. वळवाच्या पावसात कडाडलेली वीज गच्चीवरून नेलेल्या तांब्याच्या वायरीतून पोर्ट जाळून जाते, आणि बरेचदा एकच पोर्ट जातो, बाकीचे धडधाकट राहतात.

नवी वायर घ्यायची असेल तर कॅट पाच-ई किंवा सहा घ्या, घरासाठी तेवढी बास. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते. फक्त तार शुद्ध तांब्याची आहे का बघा. लातूरच्या गंजगोलाईत विचारत फिरलात तर दोन्ही प्रकार मिळतील आणि भावातच फरक कळेल. शंका असेल तर ब्लेडनं तार खरवडा. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. दोनदा वाकवली की मोडते. माळवदाच्या जुन्या घरात दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंतीतून वायफाय जात नाही म्हणून लोक वायर माळवदावरून ओढतात. ती उघडी सोडू नका, पाईपातून न्या. उंदीर आणि ऊन दोन्ही टळतं.

वायर ठीक निघाली तर पत्ता. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग द्या. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ मध्ये आणि सर्व्हरचा १९२.१६८.० मध्ये असेल, आणि दोघांचा मास्क (कुठवरचे पत्ते एकाच नेटवर्कमधले ते ठरवणारा आकडा) नेहमीचा २५५.२५५.२५५.० असेल, तर ते एकमेकांना दिसणार नाहीत. हे होतं कधी? फायबरवाला डबा बदलून जातो तेव्हा. जुना डबा शून्याच्या वस्तीत पत्ते देत होता, नवा एकच्या वस्तीत देतो, आणि सर्व्हरवर आपण हौसेनं स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पत्ता घालून ठेवलेला असतो. सर्व्हर जुन्या वस्तीत बसून राहतो. सुटका सोपी आहे: लॅपटॉपला हातानं १९२.१६८.०.५० सारखा जुन्या वस्तीतला, सर्व्हरचा नसलेला पत्ता द्या, पॅच कॉर्डनं थेट जोडा, ब्राउझरमध्ये सर्व्हर उघडा, आत जाऊन पत्ता आपोआप घेण्यावर टाका. पण यासाठी सर्व्हरचा जुना पत्ता माहीत हवा. कुठं आहे तो? कागदावर. कागद नसेल तर अंदाजानं एकेक पत्ता ठोकत बसा, माझा आख्खा रविवार त्यात गेला. कागद लिहिला नसेल तर वाचन थांबवा आणि आत्ता लिहा.

दुसरी भानगड दोन राउटरांची. फायबरचा डबा स्वतः पत्ते वाटतो आणि आपण वायफाय लांब जावं म्हणून दुसरा राउटर लावतो, तोही वाटतो. एका गावात दोन तलाठी बसून आपापल्या वहीत सातबारा लिहू लागले तर जे होईल ते होतं: एकच पत्ता दोघांच्या नावावर लागतो, किंवा निम्मं घर एकीकडं आणि निम्मं दुसरीकडं. एकाचंच डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, चालू ठेवा. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणाऱ्या) मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा आणि वायर वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) नव्हे, लॅनच्या (घरातल्या) पोर्टात घाला.

सर्व्हरला कायमचा पत्ता द्यायचा तो राउटरमधून, मॅक पत्त्यावर रिझर्व्हेशन करून. सर्व्हरमध्ये स्टॅटिक घालू नका, वरचं रामायण पुन्हा होईल. राउटरच्या यादीत वीसेक उपकरणं दिसतात, निम्म्यांना नावं नसतात. त्यातून सर्व्हर ओळखायचा तो मॅक पत्त्यावरून. मॅक पत्ता कुठं? स्टिकरवर. स्टिकर कुठं? माळ्यावरच्या खोक्याच्या बुडाशी. म्हणून कागदावर.

वैतागून रीसेटचं बटण दाबायची हुक्की येते. राउटरचं तर मुळीच दाबू नका. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, मग घरभर नेट बंद आणि फायबरवाला फोन उचलेपर्यंत सगळे तुमच्याकडं बघणार. पुन्हा तेच सांगतो, ते कागदावर आहे का? सर्व्हरच्या रीसेटची गोष्ट कंपनीगणिक वेगळी. सिनॉलॉजी कंपनीच्या खोक्यांत सर्वसाधारणपणे पिनेनं चार सेकंद दाबून एक बीप ऐकला की सोडायचं. ॲडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग मूळपदावर येतात, डेटाला धक्का लागत नाही. मात्र लगेच दुसऱ्यांदा दाबून धरलं तर प्रणालीच नव्यानं बसवण्याच्या वाटेला लागते. तुमच्या खोक्याचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय पिन हातात घेऊ नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलून चालू झालं तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की तो परत येतो.

पिंग (सर्व्हर उत्तर देतो का बघायची कमांड) जातंय पण फोल्डर उघडत नाही, असं असेल तर वायर आणि पत्ता निर्दोष आहेत, शिडी ठेवून द्या. एक्स्प्लोररच्या नेटवर्क यादीत नाव दिसत नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असं नसतं. वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि पुढं आयपी पत्ता लिहा, बहुधा उघडेल. न उघडल्यास पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन देऊन पोर्ट ४४५ (हा वायरीचा नव्हे, फाईल शेअरिंगचा) उघडा आहे का बघा. जुनं खोकं असेल तर ते एसएमबी-१, म्हणजे फाईल शेअरिंगची जुनी भाषा, तेवढीच बोलत असेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्यातल्याच भोकातून, आणि त्याच वर्षी विंडोज १० च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये ते आवृत्तीप्रमाणं मुळात येत नाही किंवा वापरलं नाही तर आपोआप काढलं जातं. ते परत चालू करायचे उपाय लोक सांगतील, ऐकू नका. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपडेट करून एसएमबी-२ किंवा ३ लावा. विंडोज ११ च्या २०२४ च्या अपडेटनंतर प्रो आवृत्तीत पासवर्डविना पाहुणा म्हणून शिरणंही बंद झालं. सर्व्हरवर प्रत्येकाला नाव-पासवर्ड करून द्या, विषय संपला. पासवर्ड बदलला असेल तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (पासवर्ड साठवतात तिथला) जुना पुसा. नेटवर्क 'पब्लिक'वर असेल तर 'प्रायव्हेट' करा. ऑफिसचं व्हीपीएन चालू राहिलंय का बघा. हे फार होतं.

फोनवरूनच दिसत नसेल तर फोन गेस्ट वायफायवर आहे, तिथून घरातलं काही दिसू नये अशीच सोय असते. सर्व्हरचं घड्याळ भलतंच दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तो बदला. जंबो फ्रेम (डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवायची सेटिंग) कुणाच्या सांगण्यावरून चालू केली असेल तर एमटीयू (तुकड्याचा आकार) परत १५०० करा. दोन पोर्ट जोडून वेग वाढवण्याचा खटाटोप घरात नको.

बाहेरगावाहून उघडत नसेल तर राउटरवर वॅनचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर फायबरवाल्यानं बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडं वळवणं) कितीही करा, चालणार नाही. टेलस्केल हे बाहेरून घरच्या सर्व्हरला जोडायचं सॉफ्टवेअर लावा, नाहीतर त्याच्याकडून पैसे भरून स्टॅटिक पत्ता घ्या.